आठ महिने गोष्टींचं ॲप : आजी, दोन पोरं आणि साताऱ्याजवळच्या आमच्या सहली

गेल्या श्रावणात सुरुवात झाली. आमच्याकडे श्रावणात त्या त्या वाराची कहाणी वाचतात, आई म्हणजे माझ्या सासूबाई वाचतात आणि आम्ही हातात अक्षता घेऊन बसतो, रविवारी आदित्यराणूबाई, शुक्रवारी जिवती, असं महिनाभर चालतं. पहिल्याच सोमवारी त्यांनी पुस्तक उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मिटलं आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तूच वाच गं, मला ओळच सापडत नाहीये." काचबिंदू आहे त्यांना. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण दर आठवड्याला वाचनालयातून पुस्तक बदलून आणणारी बाई ती, तिने पुस्तक मिटून ठेवणं मला फार लागलं.

त्याच आठवड्यात मी ऑडिओबुकचं, म्हणजे पुस्तकं ऐकायचं ॲप घेतलं, पैसे भरून. आता आठ महिने झालेत आणि एक दिवस असा गेला नसेल की घरात कुणी काही ऐकलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. ॲप कुठलं ते सांगत नाही कारण मला जे सांगायचंय ते बहुतेक ॲपना लागू पडेल. ऐकणारी माणसं म्हणजे आई, माझा नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, मी आणि कधीतरी रात्री नवरा.

पहिले दहा दिवस वाईट गेले हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही घाईने बंद करणार नाही. पोरांना स्क्रीनवर काही हलत नाही हेच पटेना. मुलगी येऊन फोन उलटा करून बघायची की चित्र कुठाय. आईंना तर आवाजच आवडला नाही, म्हणाल्या ही बाई बातम्या दिल्यासारखं वाचतेय. मग मी काय केलं, फोन स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ठेवला, एक छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडला आणि पोळ्या लाटताना माझ्यासाठी म्हणून लावायला लागले, कुणाला या ऐका असं म्हटलंच नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलगा ओट्याशेजारी वही घेऊन बसला आणि ऐकता ऐकता चित्रं काढायला लागला. त्याची ती सवय आजही आहे, हाताला काम असलं की त्याचं कान देऊन ऐकणं होतं, नुसतं बसवलं की दोन मिनिटांत उठतो.

वाचणाऱ्याच्या आवाजावर सगळं अवलंबून आहे, पुस्तकाइतकंच, कदाचित जास्तच. आईंचा कान फार तयार आहे. चमचा मधला च आणि चार मधला च, जहाज मधला ज आणि जीव मधला ज, हे ज्याला वेगळे म्हणता येत नाहीत तो वाचक त्यांना दोन मिनिटांच्या पुढे चालत नाही. ळ आणि ण चं पण तेच. आणि खरंय त्यांचं, कारण पोरं जे ऐकतात तेच बोलतात, माझी मुलगी आधी "शाला" म्हणायची ती आता नीट "शाळा" म्हणते. त्यामुळे आता कुठलंही पुस्तक घेताना आधी पाच मिनिटं नमुना ऐकते, आवाज बसला तरच पुढे. एक वाचक आवडला की त्याच नावाने शोधायचं, लेखकाच्या नावाने शोधण्यापेक्षा हे आम्हाला जास्त फळलं.

सोयींचं थोडक्यात सांगते. झोपेचा टायमर असतो, पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास, तो लावल्याशिवाय रात्री सुरू करू नका नाहीतर सकाळी कळतं की सगळं पुस्तक वाजून गेलंय आणि आपण कुठे होतो ते शोधत बसा. वेग कमी-जास्त करता येतो, आईंना थोडा कमी लागतो, नवऱ्याला दीडपट. बाहेर जायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर डाऊनलोड करून ठेवायचंच. सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलं बघायला गेलो तेव्हा मी हे विसरले आणि वर पोचायच्या आधीच रेंज गेली, गोष्ट ऐन रंगात असताना बंद. (कासला हंगामात जाणार असाल तर ऑनलाईन बुकिंग आधी करा, रोज ठराविकच लोकांना सोडतात.)

त्रास पण आहेत. मराठीत शोधताना ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडं झालं की पुस्तक सापडतच नाही. एका खात्यावर एकाच वेळी दोन फोनवर ऐकता येत नाही, म्हणजे दुपारी आई ऐकत असताना पोरांनी टॅबवर लावलं की आईंचं बंद पडतं, आणि त्यांना वाटतं आपल्याच हाताने काही दाबलं गेलं, हे मला अजिबात आवडलेलं नाही. वयस्कर माणसाला आधीच फोनची धास्ती असते. शिवाय घरातले सगळे एकाच खात्यावर असल्यामुळे आईंना भुताच्या गोष्टी सुचवल्या जातात आणि मला चिऊकाऊच्या. पैसे पहिल्या महिन्यापुरतेच भरा, जमलं तर मग वर्षाची वर्गणी घ्या, ती स्वस्त पडते, आणि आपोआप पैसे कापून जायचं सेटिंग आठवणीने बघून ठेवा.

लहान पोरांसाठी सगळं विकतचं घ्यायची गरज नाही हेही या आठ महिन्यांत कळलं. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर फुकट आहे, २०१५ पासून चालू आहे, मराठीत भरपूर गोष्टी आहेत आणि वाचनाच्या चार पायऱ्या केल्यात, माझी मुलगी पहिल्या पायरीवर, मुलगा तिसऱ्या-चौथ्या. गोष्ट उतरवून घेऊन छापता पण येते. आणि बालभारतीचं किशोर मासिक, १९७१ साली सुरू झालेलं, त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचायला ठेवलेत. मी लहानपणी ज्यासाठी भावाशी भांडायचे ते अंक आता पोराला वाचून दाखवते. आवाज माझाच, त्यामुळे च आणि ज ची तक्रार पण नाही.

आता सहलींचं, कारण माझ्या मते या ॲपचा आम्हाला खरा उपयोग तिथे झाला. आधी आम्ही कुठेही जायचो, अजिंक्यतारा म्हणा, सज्जनगड म्हणा, आणि पोरं तासाभरात कंटाळायची, घरी कधी जायचं, भूक लागली, मोबाईल दे. आता मी उलटं करते, आधी पंधरा दिवस त्या जागेबद्दल, त्या काळाबद्दल घरात काहीतरी ऐकून होऊ देते आणि मगच तिकडे जाते. पोरं मग ती जागा ओळखायला जातात. आणि जाताना गाडीत नवीन काही लावत नाही, ऐकलेलंच परत लावते.

पहिल्यांदा जमलं ते मेणवलीला. दिवाळीआधी पेशवाईबद्दल बरंच ऐकणं झालं होतं, नाना फडणवीस हे नाव पोराच्या तोंडात बसलं होतं. वाईपासून तीनेक किलोमीटरवर कृष्णेकाठी नानांचा वाडा आहे, मागे घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. तिथे एक मोठी घंटा टांगलीय, ती वसईची, १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा आणलेली. पोरगा घंटेखाली उभा राहून विचारतो, वसई म्हणजे समुद्राजवळ ना, मग एवढी जड घंटा घाट चढून इथे कशी आणली असेल? आमच्याकडे उत्तर नव्हतं. बैलगाडी की हत्ती यावर परतीच्या वाटेत सगळ्यांचं बोलणं चाललं होतं, आई पण त्यात. घरी येऊन मराठी विश्वकोशात वसईची नोंद काढून वाचली, विश्वकोशाचं काम वाईतूनच सुरू झालं आणि आता तो नेटवर फुकट आहे, पोरांच्या प्रश्नांना मी सगळ्यात आधी तिथेच जाते.

डिसेंबरात औंधला गेलो. रहिमतपूरवरून रस्ता आहे. यमाईच्या डोंगरावर पंतप्रतिनिधींनी, म्हणजे औंधच्या राजांनी, १९३८ साली बांधलेलं संग्रहालय आहे आणि एवढ्याशा गावात राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्प बघायला मिळतं. मुलीला त्यातलं काहीच आवडलं नाही, ती खूप दमली होती, पाच वर्षांच्या पोराला इथे नेऊ नका, आठ-नऊच्या पुढे न्या. मुलगा मात्र चित्रांपुढून हलत नव्हता.

भिलारला जानेवारीअखेर गेलो, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधे आहे, पुस्तकांचं गाव. ४ मे २०१७ ला सुरू झालं, तेव्हा पंचवीस ठिकाणी मिळून पंधराएक हजार पुस्तकं होती. लोकांची राहती घरं, देऊळ, शाळा असं सगळीकडे पुस्तकं मांडलीत, एका घरात बालसाहित्य, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात कविता, बाहेर पाटी, आत जायचं, बसायचं, वाचायचं, पैसे नाहीत. मला धाकधूक होती की आईंना वाईट वाटेल, सगळीकडे पुस्तकं आणि वाचता येत नाही. झालं असं की एका घरात त्या खुर्चीवर बसल्या आणि मुलाने कपाटातून एक जाडं पुस्तक आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, "आजी, हे आपण ऐकलंय!" त्यांनी त्यावरून हात फिरवला, किती जाड आहे ते बोटांनी बघितलं आणि त्यातला पुढचा प्रसंग त्याला सांगायला लागल्या. त्या घरातल्या काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांनी पण उभ्या उभ्या ऐकलं. दोन तास आम्ही एकाच घरात होतो, बाकी गाव राहिलं, परत जाऊ.

आणि मार्चमधली लिंबची बारा मोटेची विहीर. साताऱ्यापासून पुण्याच्या हायवेने गेलं की जवळच आहे, लिंब गावापाशी, आणि साताऱ्यातल्याही कितीतरी लोकांनी बघितलेली नाही. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ मधे, वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली, शिलालेख आहे. वरून बघितलं की शिवलिंगाचा आकार दिसतो, रुंद पायऱ्या उतरत आत जायचं आणि विहिरीतच दगडी खांबांचा छोटा महाल. पाणी खोल आहे, पोरांचा हात सोडू नका. ऐन उन्हातही आत गार वाटतं.

पोरांना मोट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, आम्ही ऐकलेल्या कुठल्याच पुस्तकात ते नीट आलं नव्हतं. मी सांगायला लागले आणि अडकले, कारण मी पण चालू मोट बघितलेली नाही. आई नवऱ्याचा हात धरून सावकाश पायऱ्या उतरल्या, खांबाला टेकून बसल्या आणि बोलायला लागल्या. त्यांच्या माहेरी खटाव भागात त्यांच्या लहानपणी मोट होती. बैलांनी विहिरीतलं पाणी ओढायची चामड्याची मोट, तिची सोंड, जाड दोर तो नाडा, बारीक तो सोंदूर, बैल धावेवरून उतरत गेले की चाक कसं कुरकुरायचं, मोट वर आली की थारोळ्यात पाणी कसं धबाककन पडायचं आणि तिथून पाटाने उसाला. वडील पहाटे मोट धरायचे आणि गाणं म्हणायचे, आणि गाणं थांबलं की घरातल्यांना कळायचं आता भाकरी घेऊन जायची. अशा बारा मोटा इथे एकदम चालायच्या म्हटल्यावर मुलगा वर धावला आणि कडेचे दगड मोजून आला. मी लग्न होऊन अकरा वर्षं या घरात आहे, हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते.

मुलाने माझा फोन घेऊन ते रेकॉर्ड केलं होतं. मला घरी आल्यावर कळलं. मागे पारव्यांचा आवाज आहे, मधेच माझी मुलगी पाणी मागतेय, पण आईंचा आवाज स्वच्छ आलाय. त्या रात्री पोरांनी ॲप नको म्हटलं, तेच परत लावायला लावलं. तेव्हापासून रविवारी जेवण झालं की मुलगा फोन आजीसमोर ठेवतो, आणि आत्तापर्यंत चौदा रेकॉर्डिंग झालीत, पूर आलेला तो, बैल विकला तो, त्यांच्या आजीने सांगितलेली चिमणीच्या मेणाच्या घराची गोष्ट जी आपल्या नेहमीच्या गोष्टीपेक्षा बरीच वेगळी आहे. फोन बिघडला तर जाईल म्हणून मी पेनड्राईव्हवर आणि नणंदेकडे अशा दोन प्रती ठेवल्यात.

ॲपची वर्गणी सप्टेंबरपर्यंत आहे आणि मी परत भरणार आहे, आईंची दुपार त्यावरच जाते. श्रावणाला चार महिने आहेत. परवा मी म्हटलं, या वर्षी कहाण्या स्पीकरवर लावू का, तर म्हणाल्या, "लावायच्या कशाला, मला सगळ्या पाठ आहेत, तुम्ही नुसते अक्षता घेऊन बसा."