फिफ्टी की किट लेन्स? दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरातून

नवीन कॅमेरा हातात आला की पहिला सल्ला ठरलेला: किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स, ठेव बाजूला, फिफ्टी घे, म्हणजे झूम नसलेली ५० मिलिमीटरची. मलाही तोच मिळाला आणि मी तो मानलाही. कॅमेरा कॅनॉनचा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवाला, सोबत आलेली १८-५५ एसटीएम (एसटीएम हे फोकसच्या मोटरचं नाव), आणि वर घेतलेली ५० एफ १.८, तीही एसटीएमच. एफ म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडतं त्याचा आकडा; जितका लहान, तितका उजेड जास्त. वर्षभर दोन्ही आलटून-पालटून वापरल्या. आता कुणी ‘घरीच शिकायचंय, कुठली लावू?’ असं विचारलं, की मी आधी त्याचं स्वयंपाकघर केवढं आहे ते विचारतो.

आमचं दहा बाय दहा. साताऱ्यात शुक्रवार पेठेतलं जुनं घर, एकच खिडकी, तीही ओट्याच्या डाव्या हाताला. आडवा उजेड फार सुरेख येतो. आई भाकरी थापते तेव्हा पिठाचा कण न् कण दिसतो. म्हटलं, सराव इथंच करायचा. फिफ्टी लावली आणि आई, परात, तवा तिन्ही एका चौकटीत येईनात. कॅमेरा उभा धरला की तवा बाहेर, आडवा धरला की आईचं डोकं तरी जाई नाहीतर परात तरी. मागं सरकत गेलो तर फडताळाची कडी पाठीत रुतली. मिलिमीटर जितके जास्त, तितकी चौकट अरुंद; आणि त्या लहान सेन्सरवर ५० म्हणजे मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवरच्या ८० मिलिमीटरचा भाव. आठ फुटांवरून जेमतेम साडेतीन फूट रुंदी मावते. हे गणित मी नंतर केलं, कडी आधी लागली. एकदा नाही, रोज. ‘पायांनी झूम करा’ म्हणणाऱ्यांची घरं बहुधा ऐसपैस असावीत.

किट लेन्सच्या १८ ला तेवढ्याच अंतरावरून जवळजवळ सगळी भिंत येते. कडेच्या वस्तू थोड्या ताणल्यासारख्या दिसतात, पण काय आत घ्यायचं आणि काय टाळायचं हे निदान आपण ठरवतो. मला वाटतं, शिकायचं ते मुख्यतः हेच.

फिफ्टीची बाजूही सांगायला हवी. जुलैत इथं चार वाजताच दिवे लावावे लागतात. तेव्हा फिफ्टीचा एफ १.८ आणि किटचा ५५ वरचा एफ ५.६ यांत जवळजवळ दहापट उजेडाचा फरक पडतो. एकीकडे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ४०० ला भागतं, तिथं दुसरीकडे ४००० लागतो आणि सावल्यांत दाणे उठतात. किटमधला स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, पण पळणाऱ्या भाच्याला थांबवत नाही. घरात लहान मूल असेल आणि मुख्य विषय तेच असेल, तर माझं सगळं म्हणणं अर्ध्यावर येतं. फक्त चार फुटांवरून पूर्ण उघड्या छिद्राला चारेक सेंटिमीटरच धारदार येतं, हे लक्षात असू द्या. माझे पहिले पन्नासेक फोटो नाकाचे उत्तम आहेत, डोळ्यांचे नाहीत.

किट लेन्सची एक खोड मात्र शिकणाऱ्याला खरंच फसवते. मॅन्युअलवर शटर, आयएसओ सगळं तेच ठेवून मी झूम करत होतो आणि फोटो काळवंडत चालले होते. मी ढगांना दोष दिला. खरं कारण असं, की १८ वरचा एफ ३.५ झूम करता करता आपोआप ५.६ होतो आणि उजेड निम्म्याहून कमी येतो. उपाय साधा आहे. सुरुवातीलाच ५.६ लावून टाका, मग कितीही झूम करा, आकडा हलत नाही. आणि एकाच नजरेची शिस्त हवी असेल, तर झूमची रिंग ३५ वर आणून चिकटपट्टी लावा. मी दोन महिने तसं केलं. फिफ्टीने जे शिकवायचं ते बरंचसं तिथंच झालं, पाठ भिंतीला न लागता.

साताऱ्यात कॅमेरा घेतलेला माणूस सप्टेंबरात कासला गेल्याशिवाय राहत नाही, म्हणून तेवढं एक. ५० एसटीएम पस्तीस सेंटिमीटरच्या आत फोकस घेत नाही, किट पंचवीसपर्यंत घेते. सीतेच्या आसवांसारखी नखाएवढी फुलं ५५ वर दीडपटीहून मोठी मिळतात. वाटेवरच राहून फूल न तुडवता टिपायचं, तर हा फरक लहान नाही.

तरी घर मोठं असेल, माणसांचे चेहरेच टिपायचे असतील, तर फिफ्टी घ्या. मी हरकत घेणार नाही. माझ्या कॅमेऱ्यावर आज किट चढलेली आहे आणि फिफ्टी त्याच फडताळात आहे. आईला मात्र फिफ्टीच आवडते. तिच्यात मागचा पसारा दिसत नाही, म्हणते.