पिकअपला बॅटरीवरचा हायड्रॉलिक जॅक : एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

माझा धंदा क्रश सँड, खडी, मुरूम पोचवण्याचा. कराडच्या जुन्या पेठांत मोठा डंपर वळत नाही, आणि घरदुरुस्ती काढलेल्या गिऱ्हाइकाला पाव ब्रासच माल हवा असतो. पाव ब्रास म्हणजे २५ घनफूट, वजन टनाच्या पुढे. एवढ्यासाठी फावडी-घमेली घेऊन गाडी रिकामी करायला माणसं मिळत नाहीत. मिळाली तरी गल्ली अडून राहते. म्हणून पिकअपच्या हौद्याखाली जॅक आणि १२ व्होल्टचा पॉवर पॅक (मोटर, पंप आणि ऑइलची टाकी एकत्र) बसवून घेतला. आता फाळका सोडायचा, बटण दाबायचं, मिनिटाभरात माल खाली.

मी समाधानी आहे. पण घेणाऱ्याने पंपाच्या आधी केबल बघावी, हे ठासून सांगतो.

भार असताना मोटर १५० अँपिअरच्या आसपास ओढते. आकडा ऐकून बॅटरी बसेल अशी भीती प्रत्येकाला वाटते. हिशोब करा: १५० अँपिअर ४० सेकंद म्हणजे दोन अँपिअर-तासही होत नाहीत. अल्टरनेटर तेवढं परतीच्या वाटेवर भरून काढतो. व्होल्टेजची गळती असते ती तारेत. बसवणाऱ्याने १६ चौरस मिलिमीटरची केबल टाकली होती आणि अर्थ, म्हणजे निगेटिव्हची जोडणी, चेसिसच्या रंगावरच आवळला होता. नुसत्या तीन मीटर केबलमध्ये अर्धा व्होल्ट जातो, रंगावरच्या अर्थमध्ये त्याहून जास्त. हौदा उचलताना पहिल्या वीतभरालाच सर्वांत जास्त जोर लागतो, आणि नेमकी तिथेच मोटर रखडायची, तापायची. ओली कच भरली की हौदा जागचा हलत नसे. जो तो पंप बदला म्हणत होता. एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने ३५ ची केबल ओढली, वेगळी निगेटिव्ह थेट बॅटरीपर्यंत नेली, केबलच्या टोकांना लग दाबून बसवले आणि बॅटरीला लागूनच २०० अँपिअरचा फ्यूज टाकला. तोच पंप तोच माल आता बिनतक्रार उचलतो. उचलताना इंजिन मात्र चालू ठेवा.

पावसाळ्यात ऑइलच्या टाकीच्या ब्रीदरवर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या भोकावर, लक्ष हवं. गाडी प्रेशरने धुताना तिथून पाणी शिरलं तर ऑइल दुधाळ दिसतं. तसं दिसलं की लगेच बदलायचं. मी ४६ ग्रेडचं वापरतो. थंडीच्या पहाटे पहिली उचल जरा संथ होते, एवढंच.

हौदा वर असताना खाली हात घालायचा असेल तर लोखंडी टेका लावल्याशिवाय कोणी जायचं नाही. एक होज फुटला किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, की हौदा खाली येतो. माझ्या ड्रायव्हरला हे मी रोज सांगतो आणि सांगत राहणार. गाडी एका अंगाला कललेली असेल तर उचलूच नका. ओला माल हौद्याच्या पुढच्या भागाला चिकटून वरच राहतो, आणि वर राहिलेलं वजन गाडी आडवी करतं.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली असा बदल आरटीओच्या मंजुरीने करून आरसीवर नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.

दिवसभर लागोपाठ खेपा टाकणाऱ्याने हे घेऊ नये. ही मोटर थोडा वेळ चालून थंड होण्यासाठी बनवलेली असते. त्यांना गिअरबॉक्सवरचा, इंजिनाच्या जोरावर चालणारा पीटीओ पंपच बरा, खर्च जास्त असला तरी.