‘नाही म्हणजे नाही’ की ‘हो म्हणजे हो’?

विद्यापीठात लैंगिक संबंधांतल्या संमतीबद्दल बोलताना ही दोन सूत्रं एकाच अर्थाची समजली जातात. तशी ती नाहीत.

‘नाही म्हणजे नाही’ लक्षात ठेवायला सोपं आहे, आणि नकाराचा मान राखायलाच हवा. पण त्यात बोलण्याचा सगळा भार समोरच्यावर पडतो. भीतीने अंग गोठलं, शब्दच फुटला नाही, तर काय? वसतिगृहात नवीन आलेली, भाषा नीट न येणारी मुलगी वरिष्ठाला ठामपणे नकार देईलच असं आपण कशाच्या जोरावर धरतो?

‘हो म्हणजे हो’ मध्ये विचारण्याची जबाबदारी पुढाकार घेणाऱ्याची. अमेरिकेतल्या अँटिऑक कॉलेजात विद्यार्थिनींच्या आग्रहामुळे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच असा नियम आला. तेव्हा त्याची भरपूर टिंगल झाली. 2014 मध्ये कॅलिफोर्नियाने सरकारी निधी घेणाऱ्या महाविद्यालयांसाठी कायदाच केला: गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, आणि दिलेली संमती कधीही मागे घेता येते.

दबावाखाली दिलेला ‘हो’ मात्र इथेही फसवू शकतो, विशेषतः मार्गदर्शक आणि संशोधक विद्यार्थी यांच्यात. तरीही मी ‘हो म्हणजे हो’ याच सूत्राच्या बाजूने आहे. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या मित्रालाही त्यात जागा आहे, कारण तिथे आधी विचारावं लागतं आणि मग उत्तराची वाट पाहावी लागते.