वर्धा मार्गावरील ब्रोकरेज: नव्या एजंटसाठी कशी आहे?

नागपुरात जमीन-फ्लॅटच्या व्यवसायात नव्याने उतरणारा बहुतेक जण ब्रोकरेज (दलाली संस्था) निवडताना पहिला प्रश्न कमिशनच्या टक्केवारीचा विचारतो. वर्धा मार्गावरील ज्या मध्यम आकाराच्या ब्रोकरेजमध्ये मी सध्या काम करतो, तिथे नवख्याचा वाटा शहरातील इतर ठिकाणांपेक्षा कमीच आहे. तरीही मी तिची शिफारस करतो, आणि त्याचे कारण कागदपत्रांचे शिक्षण हे आहे.

बेसा किंवा जामठ्याकडचा भूखंड दाखवताना ग्राहक भावाआधी विचारतो, ‘आरएल आहे का?’, म्हणजे भूखंड अधिकृत असल्याचे प्राधिकरणाचे पत्र आहे का. गुंठेवारीतील (परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या तुकड्यांतील) नियमित झालेला भूखंड, एनएमआरडीएने (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) मंजूर केलेला ले-आउट आणि नुसता सातबारा दाखवून विकली जाणारी शेतजमीन यांतला फरक येथे ज्येष्ठ सहकारी प्रत्यक्ष फायली उघडून समजावतात, आणि अकृषक (बिगरशेती वापराचा) आदेश व मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय नव्या एजंटला साइट व्हिजिट ठरवू देत नाहीत. ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते खरी.

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, बाबतीतही संस्था चोख आहे. २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणे आणि सक्षमता प्रमाणपत्र मिळवणे बंधनकारक झाले असून, संस्थेच्या नोंदणीखाली ग्राहकांशी बोलणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. नोंदणीशिवाय प्रकल्पातील सदनिका विकणाऱ्या एजंटला रेरा कायद्याच्या ६२व्या कलमानुसार दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ‘परीक्षा नंतर देऊ, आधी फिरायला लागा’ असे सांगणारी कार्यालये या शहरात आहेत; त्यांच्यापासून दूर राहावे.

उणिवा पैशांच्या बाजूला आहेत. चांगल्या लीड (संभाव्य ग्राहकांची माहिती) ज्येष्ठांकडे जातात, नवख्याच्या वाट्याला जुन्या याद्यांवर फोन करणे येते, आणि मिहान ते हिंगणा फिरण्याचे पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरावे लागते. बिल्डर कमिशन सहसा करारनामा नोंदवला गेल्यावर आणि ग्राहकाकडून ठरावीक रक्कम आल्यावरच देतो, म्हणून बुकिंग झाले तरी हातात पैसा यायला काही महिने लागतात. एवढ्या काळाच्या घरखर्चाची सोय नसेल, तर ही ब्रोकरेजच नव्हे, हा व्यवसायही तूर्त टाळलेला बरा.

सर्वांत मोठा आक्षेप संस्थेच्या छापील करारावर आहे. एजंट संस्था सोडून गेल्यावर त्याने आधी केलेल्या बुकिंगचे थकीत कमिशन कोणाचे, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. सही करण्यापूर्वी मी लेखी विचारणा केली, तेव्हा मालकांनी फारशी खळखळ न करता तसे कलम घालून दिले. माझ्याच सोबत रुजू झालेल्या सहकाऱ्याने तेच तोंडी विचारले, तर त्याला ‘बघू ना, आपण घरचेच आहोत’ एवढेच उत्तर मिळाले.