मेथोट्रेक्सेट का फाइव्ह-एफयू, गाठीत कोणतं इंजेक्शन?

मामाजीच्या गालावरची गाठ बायोप्सीत केराटोअकॅन्थोमा (कातडीची लवकर वाढणारी, कॅन्सरसारखी गाठ) निघाली, ऑपरेशनले ते नाहीच म्हणतात. फाइव्ह-एफयू (फ्लुरोयुरॅसिल, कॅन्सरच्या पेशी मारणारं औषध) सहसा दर आठवड्याले गाठीतच टोचतात, आग लय होते म्हणून आधी जागा बधिर करतात, अन् कापूस वेचणीच्या दिवसात दर आठवड्याले नागपूरची एसटी धरायची म्हणजे मजुरी बुडालीच नं भाऊ. मेथोट्रेक्सेट हेही तसंच औषध, पण ते दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं देतात, दुखतेही कमी, पण थोडं रक्तात उतरते म्हणून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करावीच लागते, किडनी खराब असली तर डॉक्टर जपूनच देतात. किडनी बरी असली तर खेड्यातल्या माणसाले मले तरी मेथोट्रेक्सेटच परवडते असं वाटते. दोन्हीत, गाठ पुरी गेली का हे पाहाले तिचे काठ मात्र तपासता येत नाहीत, विरली नाही तर कापणं आलंच.