प्रयोग सरकारला सोपवायचा, की आधी माणसं बांधायची?

शाळेत, वस्तीत किंवा बचत गटात एखादा प्रयोग जमला की पुढचा प्रश्न येतोच: आता हे मोठं कसं करायचं? सोलापूर जिल्ह्यातच याची दोन उत्तरं आहेत. एक परितेवाडीत, दुसरं कुंभारीत.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाईल धरला की कविता ऐकू यायची, धडा डोळ्यांसमोर दिसायचा. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच असे कोड छापले जाऊ लागले. 2020 मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. या वाटेचा वेग मोठा. पुस्तक छापखान्यातून निघालं की गावोगाव पोचतं. पण कोड पोचला म्हणून गुरुजींची तळमळ पोचत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत बाई रेंजसाठी मोबाईल घेऊन व्हरांड्याच्या टोकाला जातात आणि मुलं त्यांच्याभोवती कोंडाळं करतात. त्या जातात म्हणून तिथे कोडचा उपयोग होतो.

सोलापूर शहराजवळच्या कुंभारीची गोष्ट संथ आहे. विडी कामगार बाई मांडीवर सूप घेते, पान कापते, जर्दा भरते, दोरा गुंडाळते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. अशा बाईला घरासाठी कर्ज कोण देणार? सोलापुरात आडम मास्तरांच्या, म्हणजे कामगार नेते नरसय्या आडम यांच्या, पुढाकाराने या बायका संघटित झाल्या, मोर्चे काढले, सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. खर्चाचा एक वाटा केंद्राचा, एक राज्याचा, एक त्यांचा स्वतःचा. 2006 मध्ये कुंभारीतल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत 10,000 घरांचा ताबा मिळाला. त्याच अनुभवावर असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचं रे नगर आखलं गेलं आणि 19 जानेवारी 2024 रोजी त्यातली 15,000 घरं पंतप्रधानांच्या हस्ते सुपूर्द झाली. दोन्ही घरकुल प्रकल्पांच्या वेळी केंद्रात वेगवेगळ्या पक्षांची सरकारं होती, तरी मागणी टिकली. कारण ती मागणाऱ्या बायका एकत्र होत्या.

म्हणून निवडताना मी एकच गोष्ट आधी बघेन: प्रयोगातलं मोल वस्तूत आहे की माणसांच्या विश्वासात? वस्तू, पद्धत, नमुना असेल तर सरकारला खुशाल द्या. नाव मागे पडेल, तपशील बदलतील, ते सोसा. पण बचत, जमीन, घर, पाणी असं काही असेल, जिथे गरिबाचा पैसा अडकतो, तिथे संस्था नोंदवल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊ नका. वर्षं जातील, कागदांनी जीव मेटाकुटीला येईल, पण हिशेब तुमच्या हातात राहील.

तिसरी वाट कायद्याची. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीने लाखो हातांना काम दिलं, 1977 मध्ये त्याचा कायदा झाला आणि मजुराला काम हक्काने मागता आलं. एकट्या गटाच्या आवाक्यातलं हे काम नाही, त्यामुळे सुरुवात इथून करू नका.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या गटाने विडी कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवलं आणि मला विचारलं, तर मी दुसरी वाट सांगेन. लेकरू सोडून जाणारी आई सांभाळणाऱ्या बाईचा चेहरा ओळखते. आधी त्या आयांची सभा घ्या, मासिक वर्गणी ठरवा, नोंदणी करा. महापालिकेकडे जागा मागायला त्यानंतर जा, आणि जाताना आयांनाच पुढे ठेवा.