जुन्या गॅमा कॅमेऱ्याला पिनहोल लावला, 8 महिने वापरून झाल्यावर लिहितोय

फोंड्याच्या बाजूला आमची छोटी लॅब. उंदरांसाठीचा खास स्पेक्ट (भोवती फिरून गॅमा किरणांचं त्रिमितीय चित्र काढणारं यंत्र) घ्यायचं बजेट कधी येईल ते देवी म्हाळसालाच ठाऊक, म्हणून जुन्या गॅमा कॅमेऱ्यालाच (शरीरात टोचलेल्या किरणोत्सर्गी द्रव्याचे किरण टिपतो तो) टंगस्टनचा पिनहोल, म्हणजे एकाच बारीक भोकाचा कॉलिमेटर, बसवून घेतला.

आधी पॅरलल होल कॉलिमेटर (सरळ येणारेच किरण आत सोडणारी समांतर भोकांची जाळी) होता, त्यावर 25 ग्रॅमच्या उंदराच्या दोन किडन्या म्हणजे एकच धुरकट डाग. रिझोल्यूशन 7-8 मिलिमीटर आणि किडनीच जेमतेम सेंटीमीटरभर, दिसणार काय कप्पाळ! पिनहोलमध्ये उंदीर भोकापासून 3 सेंटीमीटरवर, किरण टिपणारा क्रिस्टल 18 वर, म्हणजे चित्र 6 पट मोठं पडतं (आणि उलटं पण, पहिल्या दिवशी शेपटीकडची बाजू डोकं समजून आम्ही अर्धा तास ब्लॅडरला थायरॉइड म्हणत बसलो होतो). क्रिस्टलची स्वतःची 3.6 मिलिमीटरची धूसरता 6 ने भागली की 0.6 राहते, त्यात 1 मिलिमीटरचं भोक धरून हिशोबाने साधारण 1.3 मिलिमीटर येतं. दोन किडन्या वेगळ्या दिसल्या तेव्हा सगळ्यांना चहा पाजला.

आता रड. एका भोकातून येतं किती? हिशोबाने 1 मेगाबेकरेलला (सेकंदाला दहा लाख विघटनं) सेकंदाला फक्त 70 काउंट, म्हणजे टिपलेले किरण. अर्ध्या मिलिमीटरचं भोक लावलं तर रिझोल्यूशन 0.8 पर्यंत जातं खरं, पण काउंट चौथाई होतात, आणि तेवढ्यात सॉफ्टवेअरमध्ये इटरेशन (चित्र पुन्हा पुन्हा सुधारायच्या फेऱ्या) वाढवत बसलं तर चित्र धारदार नाही, नुसतं दाणेदार होतं. त्यात उंदराला टोचायचं टेक्नेशियम ज्यातून मिळतं त्या जनरेटरमधल्या मॉलिब्डेनमची हाफ लाइफ (निम्मं व्हायचा काळ) 66 तास, सोमवारी आलेला जनरेटर शुक्रवारी जवळपास एक तृतीयांशावर येतो. म्हणून बारीक भोकाचे स्कॅन आम्ही सोमवार-मंगळवारीच उरकतो, चवथीच्या आठवड्यात तर तो बेतच रद्द.

पण खरी डोकेदुखी भोक नव्हतीच, पहिले 3 महिने उगाच त्याच्यामागे लागलो. पिनहोल ज्यात बसतो तो शिशाचा जड शंकू कॅमेऱ्याचं हेड उंदराभोवती फिरताना किंचित लोंबायचा, आणि पिनहोल अर्धा मिलिमीटर सरकला की चित्रातली चूक त्याहून थोडी जास्तच, मॅग्निफिकेशन इथे काही मदत करत नाही. चाचणीला ठेवलेला आमचा बिंदू चक्क वड्यासारखा दिसायला लागला, मधे भोक पडलेला! शेवटी केशनळीत टेक्नेशियमचे तीन ठिपके ठेवून सगळ्या अँगलचं कॅलिब्रेशन केलं आणि ते आकडे रिकन्स्ट्रक्शनमध्ये (सगळ्या अँगलवरून एक चित्र जुळवायच्या हिशोबात) घातले, त्या एका दिवसात जेवढा फरक पडला तेवढा भोक बदलून महिनाभरात पडला नव्हता. आता कॉलिमेटर काढला-घातला की दर वेळी पुन्हा करतो, कंटाळा आला तरी.

पावसाळ्याचं वेगळंच. क्रिस्टल सोडियम आयोडाइडचा, दमटपणा आणि तापमानाची उडी दोन्ही त्याला सोसत नाही, आणि जुलैत आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. एसी इन्व्हर्टरवर घेतला, वीज नसताना कॉलिमेटर काढायचा नाही हा नियम केला. विकणाऱ्याने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, माहितीपत्रकात फक्त सबमिलिमीटर सबमिलिमीटर.

उंदीर श्वास घेतो त्याने छातीजवळ अजून लिबलिबीत येतं, त्यावर उपाय सापडला नाहीये. हाडं आणि किडन्यांसाठी मात्र मी परत हाच घेईन, फक्त स्टँड आधी लोकल वर्कशॉपमधून मजबूत करून घेईन.